पेटी विकत घेऊ नका

बहरीनमधल्या मराठी आईवडिलांना एक विनंती करायची आहे, आणि ती जुलै उजाडण्याआधी केलेली बरी. शाळांना सुटी लागली की इथलं चित्र ठरलेलं असतं. बाहेर पारा चाळिशीच्या पार, समुद्रावरून येणारा दमटपणा, दुपारी खाली उतरायची सोय नाही. ज्या घरांत जमतं तिथे आई मुलांना घेऊन गावी जाते. बाकीच्या घरांत दोघंही कामावर आणि मुलं एसीखाली फोन घेऊन. फोन का दिला म्हणून मी कुणाला बोल लावणार नाही. बंद फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलाला मित्र भेटतात ते बऱ्याचदा त्या गेममध्येच, आणि त्यातला आनंद खरा असतो. गेम किती तास खेळावा, हा वादही आज नको. आज बोलायचंय ते गेमच्या आत थाटलेल्या दुकानाबद्दल, आणि तिथल्या एका प्रकारच्या विक्रीबद्दल.

गेम फुकट मिळतो, दुकान आत असतं. त्या दुकानात दोन तऱ्हांनी माल विकला जातो. पहिल्या तऱ्हेत वस्तू समोर दिसते: हा पोशाख, ही बंदुकीची स्किन, हा नाच, आणि ही त्याची किंमत. महाग असेल, तुम्हाआम्हाला वायफळ वाटेल, पण तो सरळ व्यवहार आहे. दुसऱ्या तऱ्हेत पैसे आधी मोजायचे आणि काय मिळालं ते नंतर बघायचं. कुठे तिला क्रेट म्हणतात, कुठे पॅक, कुठे स्पिन, कुठे विश. सगळ्यांना मिळून लूट बॉक्स म्हणतात. मी पेटी म्हणेन. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: मुलाला गेममधली एखादी वस्तू हवी असेल तर बसून बोला, परवडत असेल तर घेऊ द्या. पेटी मात्र घेऊ देऊ नका. वाढदिवसालाही नाही, परीक्षेत पहिला आला तरी नाही.

इतकं ठाम का, ते सांगतो. आमच्या इमारतीत आठवीतला एक मुलगा राहतो. गणितात चांगला आहे. एकदा मी त्याच्या शेजारी बसून त्याला पेट्या उघडताना नीट पाहिलं. बटण दाबलं की पेटी हलायला लागते, फटीतून आधी निळा, मग जांभळा उजेड येतो, फोन हातात थरथरतो. सोनेरी उजेड म्हणजे भारी माल, हे त्याला पाठ आहे. सोनेरी कड एकदा चमकली, पुन्हा निळी झाली आणि आतून एक शर्ट निघाला. तो त्याच्याकडे आधीच होता. “काका, बघितलंत? अगदी थोडक्यात गेली!” असं म्हणत उजेड विझायच्या आत त्याचं बोट पुढच्या पेटीवर. मी विचारलं, “तुला हवी ती बंदूक निघायची शक्यता किती?” त्याने कोपऱ्यातलं बारीक अक्षरांचं पान लगेच उघडून दाखवलं. एक टक्का. “पण काका, कालपासून इतक्या उघडल्यात, आता येणारच.”

थोडक्यात काहीही गेलेलं नव्हतं. बटण दाबताक्षणी निकाल लागलेला असतो. नंतरचा सगळा उजेड आणि थरथर ही सजावट आहे. हुकल्याची चुटपुट लागावी म्हणूनच ती तशी रचलेली आहे. आणि ‘आता येणारच’ हे तर साफ खोटं. शक्यता एक टक्का असेल तर शंभर पेट्यांत एक तरी निघेल, असं मोठ्या माणसांनाही वाटतं. हिशेब करून बघा. दर वेळी न मिळण्याची शक्यता 99 टक्के. ती शंभर वेळा स्वतःशी गुणली की सुमारे 37 टक्के उरते. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या, तर त्यांतली साधारण 37 मुलं रिकाम्या हाताने उठणार. आणि ज्याच्या आधीच्या शंभर फुकट गेल्या, त्याला एकशेएकाव्या पेटीतही शक्यता तेवढीच, एक टक्का.

काही गेम अमुक पेट्यांनंतर नक्की मिळेल अशी हमी देतात. ‘गेनशिन इम्पॅक्ट’मध्ये पंचतारांकित पात्र निघायची मूळ शक्यता 0.6 टक्के आहे आणि नव्वदाव्या प्रयत्नाला ते मिळतंच. ऐकायला दिलासा वाटतो. पण साठाव्या प्रयत्नाला पोचलेल्या मुलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आता थांबलं तर आधीचं सगळं वाया जाणार. त्याला थांबू न देण्याचं काम तीच हमी करते.

मग शक्यता छापली की झालं, असं कंपन्या म्हणतात. चीनने मे 2017 पासून ती छापायची सक्ती केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ॲपलनेही आपल्या दुकानातल्या गेमना तो नियम लावला. छापणं चांगलंच. पण वर सांगितलेल्या मुलाने ते पान वाचलेलं होतं, आणि त्याचा हात थांबला नाही. शिवाय छापलेलं खरं असेलच असंही नाही. दक्षिण कोरियात नेक्सॉन या मोठ्या कंपनीने ‘मेपलस्टोरी’ या गेममध्ये हवे ते गुण मिळण्याची शक्यता खेळणाऱ्यांना न सांगता कमी केली होती, काहींची तर शून्यावर आणली होती. म्हणजे लोक जे मिळणं शक्यच नव्हतं त्यासाठी पैसे भरत होते. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने कंपनीला 11.6 अब्ज वॉनचा दंड केला.

आता किमतीकडे या, कारण इथे आपण बहरीनकर जास्त फसतो. गेमच्या दुकानात किंमत दिनारात नसते. यूसी असतात, डायमंड असतात, रोबक्स असतात. आधी खऱ्या पैशांनी ही नाणी घ्यायची, मग नाण्यांनी पेटी. काही गेममध्ये मधे आणखी एक नाणं. पुडके असे बांधलेले की हव्या त्या वस्तूला थोडी नाणी कमीच पडतात आणि मोठा पुडका घेतला तर थोडी उरतात. उरलेली खर्चायची म्हणून पुन्हा खरेदी. त्यावर आपल्या बाजूची गंमत म्हणजे दिनार. बँकेचा मेसेज येतो 0.372 चा. पबजी मोबाइलमधला 60 यूसीचा छोटा पुडका साधारण एक डॉलरला मिळतो, त्याचे इथे तेवढेच होतात. दशांशचिन्हाआधी शून्य दिसलं की आपण मेसेज पुरता वाचतही नाही. दहा डॉलरचा पुडका 3.756 ला पडतो. आकडा चारच्या आतला, म्हणून डोळ्यांत भरत नाही. पण घरी पैसे पाठवताना आपण जो भाव बघतो त्याने ते आठशे रुपयांच्या वर जातात. आठवड्यातून दोनदा असे मेसेज आले तर महिन्याला सहा-सात हजार रुपये झाले, आणि तुम्ही एकदाही दचकलेला नसता. म्हणून मेसेज आला की रुपयांत मोजा. ज्या पैशाची आपल्याला लहानपणापासून सवय आहे, त्यातच खर्च खरा दिसतो.

हा नाण्यांचा गुंता ही माझी एकट्याची तक्रार नाही. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘गेनशिन’च्या कंपनीवर ठेवलेल्या आरोपांत तो होताच: पेटीची खरी किंमत आणि खरी शक्यता मुलांना कळू नये अशी रचना. कंपनीने दोन कोटी डॉलर द्यायचं आणि सोळा वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय पेट्या न विकायचं मान्य केलं.

समोरच्या बाजूचं म्हणणंही ऐकून घेऊ. गेम बनवायला शेकडो लोक लागतात, सर्व्हर चालवावे लागतात, फुकट खेळणाऱ्या कोट्यवधींचा खर्च कुठून तरी निघायला हवा. हे खरं आहे, आणि म्हणूनच पोशाख विकायला माझा विरोध नाही. दुसरं म्हणणं असं की पेटीत फक्त दिखाऊ वस्तू असतात, त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही. सगळ्या गेममध्ये हे खरं नाही. फुटबॉलच्या गेममध्ये पॅकमधून निघणारा खेळाडूच संघाची ताकद ठरवतो. आणि जिथे नुसता पोशाख आहे तिथेही बारा वर्षांच्या मुलाला विचारा. साध्या कपड्यांत मैदानात उतरलं की स्क्वॉडमधली पोरं ‘नूब’ म्हणून चिडवतात. त्या वयात ते लागतं.

तिसरं म्हणणं सर्वांत जास्त ऐकू येतं: आमच्या लहानपणी जत्रेत सोरट नव्हतं का? होतं. तक्त्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, वर टांगलेली बॅट नाहीतर भिंगरी, दहा पैसे टाकून चिठ्ठी फाडायची, बहुतेक वेळा गोळी मिळायची. पण सोरटाचा तक्ता संपत असे. किती चिठ्ठ्या उरल्या आणि बॅट अजून टांगलेली आहे का, हे पोराला दिसत असे. खिशातले पैसे संपले की पोर घरी जात असे, आणि दुकानदार त्याच्या मागे घरापर्यंत येत नसे. फोनमधला दुकानदार घरी येतो. तुमचा मुलगा किती वाजता खेळतो, कधी हरला, मागच्या वेळी किती डॉलरला बधला, हे सगळं त्याच्याकडे नोंदलेलं असतं. ‘फक्त दोन तास’ असं घड्याळ लावलेली सवलत तो त्या मुलापुढेच धरतो. त्याचा तक्ता कधीच संपत नाही.

मोठ्यांच्या सभागृहांत हा वाद होऊन गेलेला आहे. जून 2019 मध्ये ब्रिटनच्या संसदेच्या समितीपुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पेट्यांना ‘सरप्राइज मेकॅनिक्स’ म्हटलं आणि आतून खेळणं निघणाऱ्या चॉकलेटच्या अंड्याचा दाखला दिला. बेल्जियमच्या जुगार आयोगाला मात्र त्याआधीच, एप्रिल 2018 मध्ये, ‘फिफा 18’सह तीन गेममधल्या विकत घ्यायच्या पेट्या जुगारच वाटल्या होत्या. जानेवारी 2019 च्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बेल्जियममध्ये फिफाची नाणी, म्हणजे फिफा पॉइंट्स, विकणं थांबवलं. जपानने 2012 मध्येच पेट्यांतून संच पूर्ण करायला लावणारा एक प्रकार बंद करवला होता. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर 2024 पासून पेट्या विकणाऱ्या नव्या गेमना ‘पंधरा वर्षांखालच्यांसाठी योग्य नाही’ या श्रेणीपेक्षा खालची श्रेणी मिळत नाही. नेदरलँड्समध्ये उलट झालं: नियामकाने इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला एक कोटी युरोंचा दंड केला, आणि मार्च 2022 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द ठरवला. कायद्याच्या व्याख्येत पेटी बसते की नाही, यावर देशोदेशीचे न्यायाधीश वेगवेगळं म्हणतात. आईबापांना त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. अनिश्चित बक्षिसासाठी पुन्हा पुन्हा पैसे टाकायची सवय मुलाला लागू नये, एवढं आपल्याला पुरेसं आहे.

पेट्यांवाचून गेम चालत नाहीत, हेही खरं नाही. ‘फोर्टनाइट’ने 2019 मध्ये आत काय आहे ते आधीच दिसणाऱ्या पेट्या आणल्या. ‘रॉकेट लीग’ने त्याच वर्षाच्या शेवटी आंधळ्या पेट्या काढल्या, ‘ब्रॉल स्टार्स’ने डिसेंबर 2022 मध्ये. तिन्ही गेम आजही जोरात आहेत. आणि नोव्हेंबर 2017 मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’च्या पेट्यांवर गिऱ्हाइकांनीच इतकी ओरड केली की गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीला आतली पैशांची विक्री बंद करावी लागली. गिऱ्हाईक नाही म्हणालं की कंपन्या ऐकतात.

आता घरात काय करायचं. आधी एक मुंबईची घटना ऐका. ऑगस्ट 2021 मध्ये जोगेश्वरीच्या सोळा वर्षांच्या मुलाने पबजीसाठी, त्यातल्या यूसीसाठी, आईच्या खात्यातून दहा लाख रुपये घालवले. घरी कळलं, आईवडील रागावले, आणि मुलगा घर सोडून गेला. पोलिसांनी शोधाशोध केली तेव्हा तो अंधेरीतल्या महाकाली लेण्यांच्या भागात सापडला. मूल सुखरूप मिळालं हे त्या घराचं नशीब. दहा लाख गेल्यावर कोण रागावणार नाही? पण रागाच्या पहिल्या तासात मुलाला एकटं सोडू नका. जो माल त्याला विकला गेला तो विकण्यासाठी शिकली-सवरलेली माणसं कामाला लावलेली होती; तो एकटाच दोषी नाही, हे त्याला तुमच्या तोंडून कळू दे.

पबजीच्या भारतात चालणाऱ्या बीजीएमआय या आवृत्तीत अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि 7000 रुपये अशी मर्यादा घातली गेली. नाशिकच्या आतेभावाला मर्यादा आहे म्हणून आपलं मूल इथे तेच बंधन पाळून खेळतंय, असं समजू नका. इथे खेळला जातो तो वेगळा, जगभर चालणारा गेम. आणि दिवसाला 7000 म्हणजे तीस दिनारच्या आसपास. याला मी संरक्षण म्हणणार नाही. मर्यादा तुम्हालाच घालावी लागेल.

आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन ॲपच्या आतली खरेदी पूर्ण बंद करता येते. नाहीतर फॅमिली शेअरिंगमध्ये ‘आस्क टू बाय’ चालू करा, मग प्रत्येक खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर येते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल असं करा आणि मुलाचं खातं फॅमिली ग्रुपमध्ये घ्या. प्लेस्टेशनवर मुलाचं वेगळं खातं काढून महिन्याची खर्चमर्यादा लावता येते. स्टोअरमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. ओटीपी येईल तेव्हा कळेल, या भरवशावर राहू नका. कार्ड एकदा सेव्ह झालं की पुढच्या खरेद्यांना बहुतेक वेळा ओटीपी लागत नाही.

एवढं केलं तरी एक दार उघडं राहतं, आणि ते इमारतीच्या खालीच असतं. कोल्ड स्टोअरमध्ये दूध-कुबूस घ्यायला पाठवलेलं मूल रोख पैसे देऊन टॉप-अपचं कार्ड आणू शकतं. प्लेअर आयडी घालून गेमच्या वेबसाइटवरूनही नाणी भरता येतात. यापैकी कशासाठीच तुमच्या फोनवर परवानगी मागितली जात नाही. म्हणून दुकानदाराशी बोला. आपल्या भागातले कोल्ड स्टोअरवाले बहुतेक केरळचे नाहीतर बांगलादेशचे, बालबच्चेवाले लोक; ‘माझ्या मुलाला मला विचारल्याशिवाय कार्ड देऊ नका’ म्हटलं तर बहुतेक जण ऐकतील. आणि वाढदिवसाला मित्राला यूसीचं नाहीतर रोबक्सचं कार्ड द्यायची जी रीत मुलांत पडली आहे, ती आपण मोठ्यांनी मोडायला हवी. दुसऱ्याच्या घरातलं बंधन आपण आहेर देऊन तोडतो.

मुलाशी बोलताना जुगार, पाप, वाया गेलास, ही भाषा नको. कागद घ्या आणि वरचा शंभर पेट्यांचा हिशेब त्याच्याकडूनच करवून घ्या. सातवी-आठवीच्या मुलाला टक्केवारी येते. आमच्या इमारतीतल्या त्या मुलाने कॅल्क्युलेटरवर 0.99 शंभर वेळा गुणलं, 0.366 दिसल्यावर पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून केलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्यानंतर तो पेट्या अजिबात घेत नाही असं नाही, पण आता घ्यायच्या आधी आईला विचारतो, आणि आई नाही म्हणते.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. गूगल प्लेवर 48 तासांच्या आत पैसे परत मागितले तर मार्ग बराच सोपा असतो. ॲपलचं खरेदीबद्दल तक्रार नोंदवायचं वेगळं पान आहे. मुलाने न विचारता केलेली खरेदी असं स्पष्ट लिहा, मुलाचं वय लिहा. त्याच दिवशी बँकेलाही कळवा.

आणि एक काम घराबाहेरचं. बहरीनमध्ये जुगाराला कायद्याने बंदी आहे, बेटावर कॅसिनो नाही, आणि तरी दहा वर्षांचं मूल सोफ्यावर बसून नशिबावर दिनार लावू शकतं. ही विसंगती इथल्या अधिकाऱ्यांच्या नजरेला आणून द्यायला हवी. आपल्यातल्या बहुतेकांना इथे मत नाही, पण आपण ग्राहक आहोत. ग्राहक संरक्षणाचा 2012 चा 35 क्रमांकाचा कायदा आहे, आणि उद्योग व वाणिज्य मंत्रालयाचा ग्राहक संरक्षण विभाग तक्रारी घेतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चिडून लिहिण्यापेक्षा तिथे लिहा. गेमचं नाव, खरेदीची तारीख, दिनारात रक्कम, मुलाचं वय, आणि पेटी घेताना पडद्यावर दिनारात किंमत दिसत होती की नाही, हे सगळं द्या. पडद्याचे फोटो जोडा. मागणी अशी ठेवा: किंमत दिनारात दाखवा, शक्यता खरेदीच्या बटणाशेजारी मोठ्या अक्षरांत द्या, आणि अठरा वर्षांखालच्या खात्यांना पेट्या विकू नका. शाळेच्या पुढच्या पालकसभेत चार-पाच घरांनी मिळून हेच मुद्दे काढले आणि शाळेच्या समुपदेशकांनाही सोबत घेतलं, तर अर्ज एकाऐवजी पन्नास सह्यांचा जाईल. मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत करून द्यायला तयार आहे. अरबी नीट लिहिणारं कुणी आपल्यात असेल तर त्यांनी पुढे यावं.